‘देवाचं नाव घ्या’ याच्या पुढे

घरात कुणी गंभीर आजारी पडलं की भेटायला आलेल्यांपैकी एक तरी जण ‘देवाचं नाव घ्या, सगळं नीट होईल’ म्हणून जातो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यातून आध्यात्मिक आधार म्हणजे पोथी, भजन किंवा प्रवचन अशी समजूत पक्की होते आणि आजाऱ्याच्या मनातलं मनातच राहतं.

‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं?’, ‘मी आता घरात ओझं झालोय का?’ हे प्रश्न हरिपाठ म्हणणारा विचारतो, नमाज पढणारा विचारतो आणि आयुष्यभर देव न मानलेला माणूसही विचारतो. आपण लगेच ‘भोग असतात’ असं उत्तर देऊन मोकळे होतो. त्यामुळे आजाऱ्याच्या दुःखात अपराधीपणाची भर तेवढी पडते. असा आधार देणारा प्रशिक्षित माणूस इथे उत्तर देत नाही, तो ऐकतो. आजाऱ्याला कीर्तनकार, मौलवी, भन्ते किंवा पाद्री हवे असतील तर जरूर बोलवावेत. मात्र आधी त्याला विचारावं.

दुसरा गैरसमज असा की हे सगळं शेवटच्या आठवड्यात करायचं. खरं तर हा आधार पॅलिएटिव्ह केअरचा, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचा, एक भाग असतो. पुण्यात वारजे इथलं सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची मोफत शुश्रूषा करतं, तिथे पन्नास खाटा आहेत. तरी ‘तिकडे नेलं म्हणजे संपलंच’ असं पुण्यात अजून ऐकू येतं. प्रत्यक्षात त्रास आटोक्यात आला की अनेक जण घरी परततात. २०१० साली बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांचं आयुर्मान मध्यकानुसार ११.६ महिने होतं, इतरांचं ८.९. शिवाय त्यांचं जगणंही सुसह्य होतं. हे श्रेय एकट्या आध्यात्मिक आधाराचं नाही, पण ‘तिकडे गेलं की माणूस लवकर खचतो’ या भीतीला एवढं उत्तर पुरे.

मग दुखणं थांबवायचं औषध सोडून नुसत्या गप्पा मारायच्या का? मुळीच नाही. १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची वेदना एकमेकींत गुंतलेली असते हे दाखवलं. हाडं ठणकत असताना ‘आयुष्याचं सार्थक कशात वाटतं?’ असं विचारणं मला तरी क्रूरपणाचं वाटतं. आधी मॉर्फिन, मग गोष्टी.

गोष्टींबद्दलचा गैरसमज तर सर्वांत जुना. म्हातारा माणूस तेच तेच आठवू लागला की ‘भ्रमिष्ट झाला’ म्हणायचं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं, की असं मागे वळून पाहणं स्वाभाविक आहे आणि त्यातून जुने तिढे सुटूही शकतात. कॅनडाचे हार्वे चोचिनोव यांनी त्याला पद्धतीची जोड दिली. तुम्हाला कशाचा अभिमान वाटतो, घरच्यांना काय सांगायचं राहिलंय, असे मोजके प्रश्न विचारायचे, उत्तरं ध्वनिमुद्रित करायची, ती टंकलिखित करून रुग्णाला वाचून दाखवायची आणि त्याने सुधारणा केल्यावर प्रत त्याच्या हाती द्यायची. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातल्या १०० रुग्णांपैकी ९१ टक्के समाधानी होते. मात्र ही जादू नव्हे. याच पद्धतीच्या २०११ च्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत मनाचा त्रास मोजमापात फारसा कमी झाला नाही, तरीही आपला आत्मसन्मान वाढला असं रुग्णांनी स्वतः सांगितलं.

घरी हे करणार असाल तर मोबाइलचं रेकॉर्डिंग विचारूनच सुरू करा. हॉलमध्ये पाहुणे बसलेले असताना तर नकोच. मुलगा परदेशातून येईपर्यंत थांबू, असंही म्हणू नका. थकवा आणि ग्लानी वाढली की बोलणं अवघड होतं. आजारी माणूस ‘नको’ म्हणाला तर विषय तिथेच सोडा. गप्प राहणं हासुद्धा त्याचा हक्क आहे. आणि मजकूर कुणाला द्यायचा हे ठरण्यापूर्वी तो एकदा त्यालाच वाचून दाखवा. भरात सुनेबद्दल काहीबाही बोललेलं बहुतेक वेळा तो स्वतःच खोडायला सांगतो.