कुंपणाखालचे पाणी

पारसिकच्या डोंगरावर पडलेला आषाढातला पाऊस ठाण्याच्या खाडीला दोन वाटांनी मिळतो. एक वाट नाल्यांची, ती सर्वांच्या दृष्टीस पडते. दुसरी मुरुमातून आणि काळ्या कातळाच्या भेगांतून मुकाट्याने जाणारी, आणि रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या गावांच्या ज्या जमिनींखालून ती जाते, त्यांच्यावर गेल्या सहा दशकांत, म्हणजे १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यापासून, कारखान्यांची अफाट वसाहत उभी राहत गेली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली हवा, पाणी आणि जमीन या तिन्हींचा विचार करून देशातील औद्योगिक क्षेत्रांचा जो निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यात ७० च्या वरचे क्षेत्र अतिप्रदूषित मानण्याचा दंडक होता, आणि नवी मुंबईच्या वाट्याला ७३.७७ गुण आले होते.

धुराची तक्रार करायला माणूस आकाशाकडे बोट दाखवू शकतो. जमिनीच्या पोटातील विषाकडे बोट दाखवणार कसे? सांडपाण्याच्या भूमिगत वाहिनीचा एखादा सांधा सुटतो, पिंपे ठेवण्याच्या जागेवरील काँक्रीटला चीर जाते, पुरलेली टाकी गंजून पाझरू लागते, आणि हे सर्व इतके थेंबाथेंबाने घडते की, वर्षाअखेरीच्या हिशेबात गळालेल्या द्रव्याची घट नजरेतही भरत नाही. पुढे त्या द्रव्याच्या गुणधर्माप्रमाणे त्याची गती ठरते. बेंझीनसारखे हलके द्रव भूजलाच्या पृष्ठावर तवंगासारखे तरंगतात. यंत्रांवरील ग्रीस काढण्यासाठी वापरली जाणारी क्लोरीनयुक्त द्रावके मात्र पाण्याहून जड असल्यामुळे पाणी भेदून तळाशी उतरतात, कातळाच्या सांध्यांत दडून बसतात, आणि तेथून वर्षानुवर्षे थोडीथोडी विरघळत राहतात. कोकणचा पावसाळा या व्याधीत आणखी भर घालतो. कारण भूजलाची पातळी चार महिन्यांत झपाट्याने वर चढते, उन्हाळ्यात मातीच्या कोरड्या थरात चिकटून राहिलेले द्रव्य धुऊन आपल्याबरोबर घेते, आणि म्हणून मे महिन्यात घेतलेला एकच नमुना निर्दोष निघाला, एवढ्यावर निश्चिंत होणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय.

अशा उपेक्षेचे पर्यवसान कशात होते, हे राजस्थानात उदयपूरजवळील बिछडी गावाने दाखवून दिले. तेथे रंगोद्योगाला लागणाऱ्या एच-आम्लाचे उत्पादन अल्पकाळच झाले. परंतु उघड्यावर टाकलेल्या मळीतून झिरपलेले विष आसपासच्या गावांच्या विहिरींत उतरले, त्यांचे पाणी पिण्यालायक राहिले नाही, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, जो दूषित करील त्यानेच शुद्धीकरणाचा भार सोसावा, असा निवाडा दिला. कारखान्याचे आयुष्य महिन्यांनी मोजावे आणि त्याच्या मळीचे दशकांनी, हा व्यस्त हिशेब मला अत्यंत दुःखदायक वाटतो.

बंद पडलेल्या जागेवर माती खणून काढता येते. चालू कारखान्यात रिअ‍ॅक्टरच्या पायाखाली कुदळ घालता येत नाही. म्हणून तेथील उपचाराला क्रम लागतो. गळती शोधून बंद करणे हे पहिले कर्तव्य, कारण तोटी उघडी ठेवून फरशी पुसण्यात काही अर्थ नाही. नंतर जुन्या नळांचे, बुजवलेल्या खड्ड्यांचे आणि हलवलेल्या टाक्यांचे नकाशे दप्तरातून बाहेर काढावे लागतात, आणि नकाशे नसतील तर निवृत्त फोरमनच्या आठवणींना दप्तराचा मान द्यावा लागतो. मग निरीक्षणाचे बोअर घेऊन प्रवाहाची दिशा निश्चित करायची. या पट्ट्यात ती स्थूलमानाने डोंगराकडून खाडीकडे असली, तरी कातळाच्या भेगा ती कोठेही वळवू शकतात. दूषित पाणी हद्दीपाशीच उपसून, शुद्ध करून, बाहेर जाण्यापूर्वी अडवणे. वरच्या मातीतील बाष्पे निर्वात पंपाने ओढून घेणे. किंवा प्राणवायू पुरवून मातीतील जीवाणूंकडूनच तेलाचे विघटन करवणे, असे उपाय यंत्रे चालू असताना योजता येतात. मात्र खाडीकाठी अतोनात उपसा केला तर खारे पाणी आत येते, याचे भान सुटता कामा नये. जे काम पायाखालीच करणे भाग असते, ते शटडाऊनच्या मोजक्या दिवसांत उरकावे लागते; आणि त्या दिवसांत खड्ड्यात उतरणारा मजूर बहुधा कंत्राटी असतो, म्हणून खोदकामाचा परवाना देण्याआधी तेथील हवा तपासून पाहणे ही औपचारिकता समजणे हा मी अपराधच मानतो.

जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम जारी केले असून, संशयित जागेच्या तपासणीला त्यांत मुदती घातल्या आहेत. परंतु महामंडळाचे औद्योगिक भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने दिले जातात, आणि त्या दीर्घ अवधीत मालक बदलतात, उत्पादने बदलतात, नावाच्या पाट्याही बदलतात. पट्टा हस्तांतरित होताना इमारती, यंत्रे आणि थकबाकी यांचा तपशील जसा काटेकोरपणे मांडला जातो, तसाच त्या दिवशीच्या मातीचा आणि हद्दीवरील प्रत्येक बोअरच्या पाण्याचा पृथक्करण-दाखला दस्ताला जोडणे सक्तीचे व्हावे, आणि तो दाखला पावसाळ्यापूर्वीच्या व पावसाळ्यानंतरच्या, अशा दोन नमुन्यांचा असावा, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.