आकाशांतलें अंतर व रस्त्याचें अंतर

माल या शहरीं पाठवावा कीं त्या शहरीं, हा प्रश्न शेतकऱ्यापुढें दर हंगामांत उभा राहतो. भावाची चौकशी तो बारकाईनें करतो. परंतु अंतराचा आंकडा मात्र कोणीं सांगितला तसा खरा मानतो. वास्तविक दोन शहरांमधील अंतर एकच नसतें. मुंबई व पुणें या सर्वांच्या परिचयाच्या शहरांवरून ही गोष्ट स्पष्ट होईल.

नकाशावर सरळ पट्टी ठेवून मोजल्यास या दोहोंमधील अंतर सुमारें १२० किलोमीटर भरतें. हें आकाशमार्गाचें अंतर होय. द्रुतगति मार्गानें मालमोटार नेल्यास तें सुमारें १५० होतें आणि आगगाडीनें १९२ होतें. म्हणजे पक्ष्यास जेथें १०० किलोमीटर पुरतात, तेथें मोटारीस १२५ व आगगाडीस १६० लागतात. गांवनकाशावर शेतापासून चावडीपर्यंत पट्टी लावणें आणि तेंच अंतर पांदीनें चालणें यांत जो फरक, तोच येथें मोठ्या मानानें दिसतो.

पुणें उंचावर असल्यामुळें ही लांबी वाढते, असें पुष्कळांस वाटतें. पुण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर आहे. परंतु १२० किलोमीटरांच्या एकसारख्या चढणीवर एवढ्या उंचीनें लांबी अवघी सव्वा मीटर वाढेल! खरी वाढ वळणांनीं होते. वीस मीटर चालीस एक मीटर चढ ठेवला, तर ५०० मीटर उंची गांठण्यास १० किलोमीटर रस्ता करावा लागतो. म्हणून घाटांत रस्ता नागमोडी नेतात. आगगाडीस चढ याहूनहि सौम्य लागतो. १८६३ सालीं पुऱ्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर सर्वांत तीव्र चढ सदतिसांस एक असा आहे. शिवाय ठाण्याच्या खाडीमुळें आगगाडी प्रथम उत्तरेस कल्याणपर्यंत जाते व मग कर्जतकडे वळते.

आतां हिशेब पाहूं. समजा, भाडें किलोमीटरास ३० रुपये ठरलें. पट्टीच्या अंतरानें ३,६०० रुपये होतात, रस्त्याच्या अंतरानें ४,५००. हा ९०० रुपयांचा फरक एका खेपेचा झाला. परतीची रिकामी खेप शेतकऱ्याच्याच माथीं असेल, तर तो १,८०० होतो. भावांतील थोडा फायदा एवढ्यानें सहज बुडतो.

दुसरी सावधगिरी अशी कीं, अंतर कोठून कोठपर्यंत मोजलें हें विचारावें. द्रुतगति मार्गाची लांबी ९४.५ किलोमीटर सांगतात. पण ती कळंबोलीपासून देहूरोडच्या बाजूपर्यंतची आहे, शहरापासून शहरापर्यंतची नव्हे. तसेंच भाजीपाला वाशीच्या बाजारांत उतरवावयाचा असेल, तर मुंबईच्या कोट भागापर्यंतचें अंतर धरण्याचें कारण नाहीं. वाशी त्याच्या कितीतरी अलीकडे आहे.

अंतर काढण्याची रीत सोपी आहे. नकाशावर रस्त्याच्या वळणांवरून दोरा फिरवावा, मग तो सरळ करून प्रमाणपट्टीवर मोजावा. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. हातांतील फोनवर पाहणारांनीं दोन ठिकाणांमधील सरळ रेघ न घेतां मालमोटारीचा मार्ग घ्यावा आणि वाटेवरील घाट व पथकर यांची नोंद वहींत करावी. ही नोंद जवळ असल्यावरच भाड्याचा सौदा करावा, म्हणजे फसगत होणार नाहीं.