एकेकाचा कागद

ऊसतोडीचा हंगाम आटोपून माणसे कारखान्यांवरून परतली की बीड जिल्ह्यात खरी लग्नसराई सुरू होते. चैत्र-वैशाखात ऊन कलले की केज, धारूर, वडवणी, पाटोद्याच्या रस्त्यांवर बँड वाजू लागतात. २०१६ साली ‘सैराट’ आला, तेव्हापासून ‘याड लागलं’ न वाजवता मारुतीच्या पारापर्यंत पोचलेला नवरदेव मला क्वचितच दिसला. क्लॅरिनेटवाला चाल वाजवतो. ट्रम्पेटवाला तीच चाल वाजवतो, सॅक्सोफोनवालाही तीच, आणि युफोनियम तीच चाल खालच्या सप्तकात धरून चालतो. चाल सगळ्यांची एक, श्वासही बहुतेक एकाच जागी.

मूळ गाण्यात असे नाही. तिथे गायकाच्या चालीखाली तंतुवाद्यांचा मोठा ताफा आहे आणि त्यातल्या प्रत्येक गटाला स्वतःचे काम आहे. अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या संगीतातला सिंफनी ऑर्केस्ट्राचा भाग हॉलिवूडमधल्या सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात करून घेतला. त्या वादकांनी हे गाणे आधी ऐकलेले नव्हते. त्यांच्यासमोर स्टँडवर कागद होता, त्यावर फक्त त्यांच्या वाद्याच्या ओळी होत्या, आणि ते वाचून वाजवत होते. आमच्या बँडवाल्याने गाणे शेकडो वेळा ऐकलेले असते, पण त्याच्यासमोर कागद नसतो. या दोन वादकांमधले अंतर वकुबाचे नाही, त्या कागदाचे आहे, असे माझे मत आहे. म्हणून या लेखाचा विषय तो कागदच आहे. वाद्यवृंदाच्या जगात त्याला ‘पार्ट’ म्हणतात.

संगीत संयोजक जो लिहितो तो स्कोअर. त्यात सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असतात, म्हणजे त्या क्षणी कोण काय करते आहे ते एका नजरेत दिसते. तो संचालकासाठी. वादकाला त्यातली आपली एकच ओळ हवी असते, सलग, सुटसुटीत, हात न थांबता वाचता येईल अशी. स्कोअरमधून ती एकेक ओळ वेगळी काढून लिहिणे हे शतकानुशतके हाताने चाललेले काम होते. त्यासाठी नकलाकार असत. बीथोव्हेनचे अक्षर लावणारा व्हिएन्नातला त्याचा जुना नकलाकार वेन्झेल श्लेमर १८२३ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी नवव्या सिंफनीचा पहिला प्रयोग व्हायचा होता. एवढ्या मोठ्या रचनेचे पार्ट नव्या हातांनी उतरवायचे, म्हणजे ते अक्षर आधी शिकायला हवे!

आपल्याकडे हे काम फार उशिरा आले, आणि त्याला सबळ कारण होते. आपले संगीत एका चालीचे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) अफाट पदरचना केली. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी लिहिलेली पासोडी आजही अंबाजोगाईचे वैभव आहे. त्यांच्या पदांना रागांचे निर्देश आहेत, म्हणजे ती गाण्यासाठीच होती. शब्द आपल्यापर्यंत पोचले, मूळ चाली मात्र स्वरांत लिहिलेल्या नसल्यामुळे हाती राहिल्या नाहीत. पुढे विष्णु दिगंबर पलुसकरांनी आणि विष्णु नारायण भातखंड्यांनी आपापल्या स्वरलिपी रूढ केल्या. भातखंड्यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. बंदिश टिकवण्यासाठी आणि शिकवण्यासाठी ही लिपी आजही उत्तम आहे. पण ती एका गळ्यासाठी घडलेली आहे. वीस वादकांनी एकाच वेळी वीस वेगळ्या गोष्टी कशा वाजवायच्या, हा प्रश्न तिच्यापुढे नव्हता.

तो प्रश्न गोव्यात सुटलेला होता. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणापासून पाच रेघांचे नोटेशन वाचायला शिकवत. बोलपट आले, गाण्यांमागचा वाद्यवृंद मोठा होत गेला, तेव्हा मुंबईच्या स्टुडिओंना वाचून वाजवणारी माणसे हवी होती. ती गोव्याने पुरवली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे संयोजक ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याला वेगळी ओळ लिहून द्यायचे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत गायिकेच्या स्वरामागे व्हायोलिन वेगळेच काही बोलत असतात, ती सेबॅस्टियन यांची लेखणी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७ ते २०१२) प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे व्हायोलिनचे गुरू. राग पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिता येतो हे दाखवायला त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभा केला होता. या लोकांनी हाताने लिहिलेल्या कागदांची रेकॉर्डिंगनंतर कुणी कदर केली नाही. ढीगच्या ढीग नाहीसे झाले. आपल्या चित्रपटसंगीताच्या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान मी यालाच म्हणेन, कारण गाणी ऐकू येतात, पण ती कशी बांधली होती ते आता कानाने उकलत बसावे लागते.

लिहिलेल्या स्वरांचे वजन किती असते, याचा दाखला थेट घटना समितीत सापडतो. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय प्रतिनिधींकडे राष्ट्रगीत मागितले गेले. त्यांच्याकडे ‘जन गण मन’ची एक ध्वनिमुद्रिका होती. तिच्यावरून तिथल्या वाद्यवृंदाने सराव करून ते वाजवले आणि अनेक देशांच्या लोकांनी त्याचे नोटेशन मागितले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी समितीत ही हकीकत सांगितली. वाद्यवृंदावर आणि लष्करी बँडवर गीत वाजले पाहिजे, हा त्यांच्या म्हणण्यातला एक मुख्य मुद्दा होता. ‘वंदे मातरम्’ बँडवर बसणार नाही, या आक्षेपाला उत्तर द्यायला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर पुढे सरसावले. आडनावात मराठवाड्यातली फुलंब्री वागवणाऱ्या या गायकाने बँडला सोसेल अशी चाल बांधली, जाणकार बँडवाल्यांच्या मदतीने तिचे पाश्चात्त्य नोटेशन करून घेतले आणि दिल्लीत ऐकवले. राष्ट्रगीत म्हणून निवड ‘जन गण मन’चीच झाली. पण कृष्णरावांनी वाद शब्दांनी घातला नाही, वाजवता येतील असे कागद पुढे ठेवले, याचे मला फार अप्रूप वाटते.

आता संगणकाकडे येऊ. फिनाले हे स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर १९८८ चे. सिबेलियस इंग्लंडमधल्या फिन या जुळ्या भावांनी १९९३ मध्ये बाजारात आणले. लिहिणे सोपे झाले, छपाई सुबक झाली, पण पार्टची अडचण बरीच वर्षे तशीच होती. स्कोअरमधून प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल काढावी लागे. नंतर स्कोअरमध्ये एक स्वर बदलला की त्या फाइलमध्येही हाताने बदलायचा, आणि कुठेतरी राहून गेला की तालमीत दोन वादक एकमेकांकडे बघत राहायचे. २००५ मध्ये सिबेलियसच्या चौथ्या आवृत्तीने स्कोअर आणि पार्ट आतून जोडले. इकडे दुरुस्ती केली की तिकडे आपोआप होते. पुढे सगळ्यांनीच ही पद्धत उचलली. २०१६ मध्ये आलेल्या डोरिकोची रचना तर मुळातच ‘वादक’ ही कल्पना धरून आहे. एक माणूस मधेच बासरी ठेवून सॅक्सोफोन उचलणार असेल, तर त्याच्या एकाच कागदावर दोन्ही वाद्ये क्रमाने येतात.

बीडसाठी मात्र मी म्युझस्कोअरचे नाव घेईन. ते फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते, आणि जोडलेले पार्ट त्यातही मिळतात. एक सावधगिरी हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेच्या कंपनीने ते बंद करत असल्याचे जाहीर केले आणि ज्यांचे आयुष्यभराचे लिखाण त्या फाइलींत होते त्यांची धावपळ उडाली. म्हणून आपले काम प्रत्येक वेळी म्युझिक एक्सएमएल या सामायिक स्वरूपातही साठवावे. ते अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते.

सॉफ्टवेअरची खरी किमया पट्टीच्या हिशोबात दिसते. पेटीवरची पांढरी एक वाजते तोच स्वर क्लॅरिनेटवर वाजवायचा तर क्लॅरिनेटवाल्याने वाचायचा असतो एक स्वर वरचा, कारण त्याचे वाद्यच काळी पाचचे. ऑल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा, त्याला आणखी वर लिहावे लागते. समजा गायक काळी एकमध्ये गातो आहे. मग क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांच्या कागदावर गाणे काळी दोनमध्ये येते आणि ऑल्टोच्या कागदावर काळी पाचमध्ये. बँडचे मास्तर हा हिशोब वर्षानुवर्षांच्या सवयीने बोटांवर करतात. सॉफ्टवेअरमध्ये तो एका बटनाचा खेळ आहे. ऐन वेळी गायक म्हणाला, ‘आज गळा बसलाय, अर्धी पट्टी खाली घ्या’, तरी सगळ्यांचे कागद बदलून छापता येतात.

इथपर्यंत यंत्र पुरते. पुढचे काम माणसाचे आहे आणि माझ्या मते तेच मोलाचे. वादकाचे दोन्ही हात वाद्यावर असतात, तेव्हा पान उलटायचे कधी? पानाच्या शेवटी विश्रांती येईल अशी ओळींची मांडणी करावी लागते, मग खालची थोडी जागा कोरी राहिली तरी चालेल. ट्रम्पेटला २४ मात्राखंड गप्प बसायचे असेल, तर सॉफ्टवेअर त्या २४ रिकाम्या घरांची एक जाड पट्टी करून वर २४ आकडा टाकते. कागद आटोपशीर होतो. पण वरातीच्या गोंगाटात, पुढे पोरे नाचत असताना, २४ मोजत राहणारा माणूस मला दाखवा! म्हणून पट्टीच्या शेवटी बारीक अक्षरात क्लॅरिनेटची शेवटची दोन घरे छापायची. ती कानावर आली की ट्रम्पेटवाल्याला कळते, आता आपली पाळी. तशीच प्रत्येक कडव्याच्या सुरुवातीला अ, ब, क अशी ठळक खूण, सगळ्यांच्या कागदावर एकाच जागी. मास्तरने ‘ब पासून घ्या’ म्हटले की सारे एका जागेवर यावेत. जाड पट्टीही त्या खुणेपाशी तोडावी लागते, नाहीतर २४ च्या पोटात ‘ब’ हरवतो.

रस्त्यावरच्या बँडला आणखी वेगळा विचार हवा. उजेड जनरेटरच्या गाड्यावरच्या दिव्यांचा, तोही हलता. बैठकीच्या वाद्यवृंदाला चालणारा बारीक ठसा इथे उपयोगाचा नाही. रेघा मोठ्या घ्याव्यात, एका पानात कमी बसवावे, कागद जाड घ्यावा आणि वाद्याला अडकवता येईल एवढाच ठेवावा. युफोनियमवाल्याला खालच्या स्वरांच्या चिन्हात वाचायची सवय आहे की ट्रम्पेटसारख्या चिन्हात, हे छापण्याआधी त्यालाच विचारावे. पार्ट सामान्य ‘युफोनियम’साठी करायचा नसतो, त्या विशिष्ट माणसासाठी करायचा असतो.

हलगी आणि संबळ यांचे काय, असे कुणीही विचारेल. त्यांच्यासाठी पाच रेघांची गरज नाही. एकच रेघ घ्यावी, पहिल्या आवर्तनाचे बोल देवनागरीत तिच्याखाली लिहावेत आणि पुढे ‘अशीच आठ आवर्तने’ म्हणून सोडून द्यावे. थांबायची आणि उठाव घ्यायची जागा तेवढी नेमकी दाखवावी. हलगीवाल्याचा प्रत्येक आघात लिहायला जाणे हा त्याच्या कलेवर अविश्वास ठरेल. मींड, आंदोलन, गळ्यातली सूक्ष्म हरकत यांच्यापुढेही पाच रेघा तोकड्या पडतात. तिथे कंस काढून ‘मूळ गाण्याप्रमाणे’ लिहिणे मला जास्त प्रामाणिक वाटते.

म्हणजे कानाने शिकण्याची परंपरा मोडायची आहे का? मुळीच नाही. फोनवर गाणे चार वेळा ऐकून रात्री वरातीत वाजवणे ही असामान्य विद्या आहे आणि ती इथल्या बँडवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावली आहे. पण कानाला चाल पहिली सापडते. चेलोची खालची ओळ, दुसऱ्या व्हायोलिनची मधली ओळ गायकाच्या आवाजाखाली दबलेल्या असतात, त्या फोनच्या स्पीकरमधून उचलताच येत नाहीत. म्हणून सगळे चालीकडे जातात, आणि म्हणूनच बँडमधला धाकटा क्लॅरिनेटवाला वर्षानुवर्षे मोठ्याची सावली होऊन राहतो. त्याला स्वतःची ओळ मिळाली, तर तेवढ्याच माणसांचा बँड कितीतरी भरीव वाजेल. त्यासाठी सगळ्यांना एकदम वाचता यायला हवे असेही नाही. मास्तरला आले की तो आतल्या ओळी स्वरनामांत म्हणून दाखवू शकतो. म्युझस्कोअर एकेक ओळ वेगळी वाजवूनही दाखवते. तिचा आवाज फोनवर पाठवला की ज्याने त्याने आपली ओळ जुन्या पद्धतीनेच, कानाने बसवावी. कागद हळूहळू समोर येईल.

शाळांच्या बँडपासूनही सुरुवात करता येईल. मराठवाड्यात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीसोबत १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनीही, ध्वज चढतो. म्हणजे वर्षातून तीन हमखास कार्यक्रम, तीच ठरलेली गीते आणि नवे शिकायला तयार असलेली मुले. पण माझा जीव वरातीच्या बँडमध्ये जास्त अडकला आहे. चातुर्मासात लग्ने नसतात, वाद्ये खोक्यात असतात, मास्तरला वेळ असतो. लग्ने तुळशीच्या लग्नानंतरच सुरू होतात, आणि मोठी गर्दी तर ऊसतोड संपल्यावरच. तेवढ्या अवधीत एका गाण्याचे चार कागद सहज तयार होतात. पहिला युफोनियमचा करावा, कारण तो चालीतून सुटला की खालचा आधार लगेच ऐकू येतो. मग धाकट्या क्लॅरिनेटचा, मग सॅक्सोफोनचा. चाल वाजवणाऱ्या मोठ्या क्लॅरिनेटवाल्याचा कागद सर्वांत शेवटी केला तरी चालेल, त्याला गाणे पाठ आहे.