फवारणीचे काम जोडीदाराला शिकविताना

कपाशीला पात्या धरू लागल्या की गावोगाव फवारणीचे पंप बाहेर निघतात. या दिवसांत बांधावर उभे राहून पाहिले, तर बहुधा एक जाणता गडी आणि त्याच्या सोबत एक नवखा अशी जोडी कामाला लागलेली दिसते. नवखा कधी शेतकऱ्याचा मुलगा किंवा पुतण्या असतो, कधी रोजाने आलेला मजूर असतो. त्याला हे काम शिकविले कोणी, असे विचारले तर "त्यात शिकवायचे काय? पाहून पाहून येते," असे उत्तर मिळते. या "पाहून पाहून" शिकण्याने काय साधते व काय राहून जाते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विचार जिवावरचा आहे. सन २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी पुरुषभर वाढली होती, ठिकठिकाणी दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती, जोरदार फवारा टाकणारे पंप हाती होते आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते, अशी कारणे पुढे आली. त्यानंतर सभा झाल्या, पत्रके निघाली, हातमोजे व मुखपट्ट्या वाटण्यात आल्या. हे सर्व आवश्यकच होते. परंतु पत्रक वाचणारा एक आणि पंप पाठीवर घेणारा दुसरा, असा प्रकार आपल्याकडे फार आहे. पंप पाठीवर घेणाऱ्याचा खरा शिक्षक म्हणजे त्याच्या शेजारच्या ओळीत चालणारा जुना गडी होय.

येथे स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. कृषी विषयाची पदवी घेऊन मी नोकरीस लागलो, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला पाठीवरचा पंप उघडून दाखविला. त्यांचे हात सराईत होते. पाच मिनिटांत त्यांनी पंप सुटा केला, जोडला आणि "समजले ना?" असे विचारले. मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस शेतकऱ्यांसमोर प्रात्यक्षिक देत असता नोझल तुंबले. मी ते काढले आणि तोंडाने फुंकर मारून साफ केले! टाकीत नुसते पाणी होते म्हणून निभावले. पण त्या पंधरा-वीस जणांनी त्या दिवशी माझ्यापासून काय उचलले असेल, याची आठवण झाली की आजही ओशाळल्यासारखे होते. त्या सहकाऱ्यांचे ज्ञान कमी नव्हते. त्यांनी मला दाखविले, परंतु माझ्या हातून करवून घेतले नाही. आणि मी न समजताच मान डोलावली.

पुढे एका गावी सभेत मी औषध हाताने कालवू नये असे बजावून सांगितले. सर्वांना ते पटले. सकाळी त्याच गावच्या शिवारात एक तरुण कोपरापर्यंत हात बादलीत घालून औषध ढवळताना दिसला. तो रात्री सभेला हजर होता. मी विचारले तेव्हा म्हणाला, "साहेब, काका असंच करतात. वीस वर्षं झाली, काकांना काही झालं नाही." माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा काकांचा हात त्याला अधिक खरा वाटला, यात नवल नाही.

पाहून शिकण्यातील उणीव येथे ध्यानात येते. डोळ्यांना कृती दिसते, तिच्यामागचे कारण दिसत नाही. जाणता गडी वाऱ्याकडे पाहून ओळ बदलतो. नवख्याला वाटते, तो सहज वळला. उलट काकांची वाईट सवय मात्र नवखा तंतोतंत उचलतो. काकांना वीस वर्षांत काही झाले नाही याचे श्रेय त्यांच्या सवयीला नाही. त्या काळात औषधे निराळी असतील, पीक ठेंगणे असेल, दिवसाकाठी फवारलेले पंप थोडे असतील.

ही अडचण शेतीतच आहे असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत लक्षावधी नवी माणसे भरती झाली. त्यांना शिकविण्यास वेगळे शिक्षक मिळणे शक्य नव्हते. तेव्हा १९४० पासून १९४५ पर्यंत तेथील सरकारने जुन्या कामगारांनाच, सोबतच्या माणसाला काम कसे शिकवावे, याचे धडे देण्याची योजना चालविली. तिची पद्धती चार पायऱ्यांची होती. प्रथम शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करावयाची व त्याला आधीच काय येते ते विचारावयाचे. मग काम सावकाश, टप्प्याटप्प्याने, कारणांसह करून दाखवावयाचे. नंतर त्याच्याकडून ते करवून घ्यावयाचे व करताना त्यालाच बोलावयास लावावयाचे. आणि शेवटी त्याला एकट्याला कामावर सोडून अधूनमधून जाऊन पाहावयाचे. यात अवघड असे काही नाही. आपल्याकडे पहिली पायरी कधीमधी, दुसरी घाईने आणि तिसरी जवळजवळ कधीच होत नाही, एवढेच.

पहिला दिवस साध्या पाण्याचा

फवारणी शिकविताना पहिल्या दिवशी टाकीत साधे पाणीच असावे. चूक होऊ देता येणे हा साध्या पाण्याचा मोठा गुण आहे. नवख्याच्या पंपाचा पट्टा गळत असेल, झाकण सैल असेल, नोझल तुंबले असेल, तर ते त्याच दिवशी कळते. तुंबलेले नोझल मऊ ब्रशाने व पाण्याने साफ करावे, तार घालू नये, तोंड तर लावूच नये, हे त्याच्याकडून दोन वेळा करवून घ्यावे.

नंतर चाल पाहावी. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद, म्हणजे सुमारे एक गुंठा पीक मोजून घ्यावे आणि मोजलेले पाणी टाकीत घालून नवख्याला आपल्या चालीने फवारू द्यावे. समजा, जाणत्याला या गुंठ्यास ५ लिटर पाणी लागते. एकराचे ४० गुंठे धरता २०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप झाले. औषधाच्या चिठ्ठीवर एकरी १०० मिलीलिटर प्रमाण असेल, तर दर पंपास ८ मिलीलिटर पडावयास हवे. आता नवखा चाचरत, सावकाश चालतो आणि त्याच गुंठ्यात साडेसात लिटर पाणी संपवितो असे धरा. त्यानेही जाणत्याचे पाहून दर पंपास ८ मिलीलिटरच घातले, तर एकरी १५० मिलीलिटर औषध गेले! ही दीडपट मात्रा पिकावर, खिशावर आणि त्याच्या अंगावरही पडली. भरभर चालणाऱ्याचे उलट होते. गुंठ्यास ४ लिटर लागल्यास एकरी ८० मिलीलिटरच जाते, कीड मरत नाही, आणि मग दुकानदाराकडून अधिक जहाल औषध आणले जाते. "पंपाला एक झाकण" हा गावोगावचा हिशेब चालीच्या या फरकापुढे टिकत नाही. नवख्याची चाल आधी आपल्या चालीशी जुळवावी आणि मगच माप त्याच्या हाती द्यावे.

वाऱ्याचे पाठही पाण्यावरच घ्यावेत. चिमूटभर कोरडी माती उडवून वाऱ्याची दिशा नवख्याला स्वतःच ठरवू द्यावी. वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असेल तर पूर्वेच्या बांधापासून आरंभ करावा, दक्षिणोत्तर तासांनी चालावे आणि एकेक तास पश्चिमेकडे सरकावे. नळी नेहमी पूर्वेकडे, म्हणजे वारा वाहून नेईल त्या अंगाला धरावी. असे केले म्हणजे फवारा अंगावरून दूर जातो आणि ओल्या, फवारलेल्या झाडांतून पुन्हा जावे लागत नाही. हे नुसते सांगून डोक्यात बसत नाही. एकदा मुद्दाम उलट दिशेने पाच पावले चालावयास लावावे. भिजलेला सदरा पाहिल्यावर निराळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. विष पोटात गेले तरच बाधते, अशी पुष्कळांची समजूत असते. फवारणाऱ्याच्या शरीरात ते मुख्यतः कातडीवाटे शिरते, हे सांगण्यास त्या ओल्या सदऱ्यासारखे साधन नाही.

दुसऱ्या दिवशी औषध. आपण सर्वच त्याला औषध म्हणतो, मीही वर तोच शब्द वापरला आहे. परंतु नवख्याशी बोलताना विष हाच शब्द वापरावा असे मला वाटते. डब्यावरील रंगीत त्रिकोण त्याला ओळखावयास सांगावा: लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे चढविणे, मापाने मोजणे, काठीने ढवळणे, ही प्रत्येक गोष्ट त्याने करावी आणि करताना काय करतो व कशासाठी करतो हे तोंडाने सांगावे. जाणत्याने हात मागे बांधून उभे राहावे. हे वाटते तितके सोपे नाही. दुसऱ्याची हळू चाललेली बोटे पाहून सराईत माणसाचा हात शिवशिवतो आणि "आण इकडे" म्हणून तो पंप ओढून घेतो. तेथेच शिकविणे संपते.

संध्याकाळी जाणत्याने नवख्याची चौकशी करावी. साबणाने आंघोळ केली का, कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुतले का, हे विचारावेच. डोके दुखणे, मळमळ, फार घाम, तोंडाला पाणी सुटणे, अंधुक दिसणे यांपैकी काही जाणवत असल्यास "पहिला दिवस आहे, होते असे" म्हणून निजावयास सांगू नये. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे व औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी सोबत घ्यावी, म्हणजे कोणते विष आहे हे डॉक्टरांना कळते.

आता काकांविषयी. ग्रामकार्यकर्त्याने पुतण्याला काकांदेखत चूक म्हणून सांगितल्यास पुतण्या गप्प बसतो आणि काका दुखावतात. त्या गावी मी दुसऱ्या खेपेस गेलो तो थेट काकांकडे. म्हटले, "काका, तुमची चाल मोजावयाची आहे. गावच्या पोरांना तीच शिकवू." पाणी मोजले, गुंठा मोजला. काकांची चाल खरोखरच घड्याळासारखी होती. पोरांसमोर ढवळण्याची वेळ आली तेव्हा मी काठी पुढे केली आणि ती त्यांनी घेतली. "पोरं पाहतात," एवढेच ते म्हणाले. माणसाला स्वतःसाठी न सोडवणारी सवय शिष्यासमोर सोडवते, असा माझा अनुभव आहे.

कार्यकर्त्यांनी आपसात

फवारावे की नाही हे ज्या मोजणीवर ठरते, ती मोजणी शिकविण्याचे काम आपल्या जुन्या कार्यकर्त्यांचे आहे आणि तेथेही तीच हयगय होते. गुलाबी बोंडअळीसाठी एकरातून वीस झाडांची वीस हिरवी बोंडे फोडून पाहावयाची असतात. दोन बोंडांत, म्हणजे दहा टक्क्यांत, जिवंत अळी आढळली किंवा कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ पतंग सापडले, तरच फवारणीची वेळ आली असे धरतात. नवा कार्यकर्ता नावावरून गुलाबी अळी शोधतो. लहान अळी पांढुरकी असते, ती त्याच्या नजरेतून निसटते. डोमकळी तो साधे न उमललेले फूल समजतो. उलट, बोंडावर कोठलेही छिद्र दिसले की कोणी कोणी बोंडअळी मोजून मोकळे होतात आणि शेतकऱ्याला विनाकारण फवारावयास लावतात.

यासाठी जुन्या व नव्या कार्यकर्त्याने एकाच शेतात, एकमेकांना न सांगता, तीच वीस बोंडे तपासावीत. एकाने फोडून पाहिलेले बोंड क्रमांक घालून दुसऱ्याकडे द्यावे आणि दोघांनी आपापले आकडे वेगळ्या कागदावर लिहावेत. नंतर जेथे फरक पडला ती बोंडे पुन्हा हातात घ्यावीत. चूक नेहमी नव्याचीच निघते असे नाही. चष्मा विसरून आलेल्या एका ज्येष्ठांची मी पाहिली आहे. सलग तीन शेतांत दोघांचे आकडे जुळले, की चौथे शेत पाहावयास नव्याला एकट्याने पाठवावे आणि पाचव्याला पुन्हा त्याच्यासोबत जावे.