शिरस्त्राण डोके कसे वाचवते

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात एक मोटारसायकलस्वार वेगाने चालला होता. सायकलींवरून जाणारी दोन मुले त्याच्या दृष्टीस फार उशिरा पडली. त्यांना चुकविताना तो गाडीवरून फेकला गेला, डोक्यास जबर दुखापत झाली आणि सहा दिवसांनी त्याचा अंत झाला. पहिल्या महायुद्धात अरबांच्या उठावामुळे विख्यात झालेला टी. ई. लॉरेन्स तो हाच. त्याच्या उपचारार्थ बोलाविलेल्या वैद्यांत मेंदूचे शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स हे होते.

या मृत्यूनंतर केर्न्स यांनी अशा अपघातांचा अभ्यास हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार व त्यांच्या पाठीमागे बसलेले प्रवासी मृत्युमुखी पडले, असे त्यांनी १९४१ साली दाखवून दिले. शिरस्त्राण घातलेले जखमी त्यांना केवळ सात आढळले. त्या सातांपैकी एकही दगावला नव्हता. सात ही संख्या निर्णायक म्हणता येणार नाही. परंतु त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले, आणि पुढे जमलेल्या माहितीने केर्न्स यांच्या निष्कर्षास बळकटी आली. सर्वसामान्य नागरिकांसाठी हा नियम ब्रिटनमध्ये १९७३ साली झाला.

शिरस्त्राणाचे कठीण कवच डोके वाचवते, असा पुष्कळांचा समज असतो. तो अर्धाच खरा आहे. मेंदू हा मऊ अवयव असून कवटीच्या आत द्रवाने वेढलेला असतो. डोके कठीण पृष्ठभागावर आदळले की कवटी तत्क्षणी थांबते. मेंदू मात्र आपल्या गतीने पुढे सरकतो, कवटीवर आपटतो, ताणला जातो. कवटी अभंग राहूनही माणूस दगावतो तो यामुळेच. म्हणून डोके किती अंतरात थांबते, यावर सारे अवलंबून असते.

समजा, डोके दीड मीटर उंचीवरून जमिनीवर पडले. उघडे डोके तीन मिलिमीटर अंतरात थांबले, तर त्याचे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे पाचशे पट होते. तेच डोके पंचवीस मिलिमीटर अंतरात थांबले, तर ते सुमारे साठ पटींवर येते. हे जास्तीचे अंतर मिळवून देणे, हेच शिरस्त्राणाचे मुख्य कार्य होय. कवचाच्या आत थर्माकोलच्या जातीचा जाड थर असतो. तो आघाताने चेंगरतो आणि चेंगरताना ऊर्जा शोषून घेतो. कवच टोकदार वस्तू आत शिरू देत नाही व आघात विस्तृत भागावर पसरविते.

या हिशेबात गाडीचा वेग कोठेही आलेला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जमिनीवर पडताना डोक्यास मिळणारी खालच्या दिशेची गती मुख्यतः उंचीवर ठरते. बाजारापर्यंत सावकाश जाणाऱ्यास शिरस्त्राण नको, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. भरधाव वेगात खांबावर किंवा मालमोटारीवर आदळल्यास मात्र पंचवीस मिलिमीटरांची ही शिदोरी अपुरी पडू शकते.

अनेक देशांतील अभ्यासांच्या २००८ साली झालेल्या एकत्रित परीक्षणात शिरस्त्राणामुळे अपघातग्रस्त स्वारांच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो असे आढळले. भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरील माणसे ४४ टक्क्यांहून अधिक होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येकास, मागे बसणाऱ्यासही, शिरस्त्राण आवश्यक आहे; आणि जून २०२१ पासून भारतीय मानक संस्थेच्या चिन्हावाचून दुचाकीचे शिरस्त्राण विकता येत नाही. उन्हाळ्यात ते जाचते, ही तक्रार खोटी नव्हे. पण थर पातळ करून ती दूर करू पाहणाऱ्या शिरस्त्राणात चेंगरण्यास जागाच उरत नाही.

हनुवटीखालचा पट्टा न बांधल्यास पहिल्याच हिसक्यास शिरस्त्राण डोक्यावरून निघून जाते आणि डोके उघडेच जमिनीवर येते. एकदा चेंगरलेला थर पुन्हा फुगत नाही. जबर आघात सोसलेले शिरस्त्राण बाहेरून धडधाकट दिसले, तरी त्या जागी दुसऱ्यांदा डोके थांबविण्यास त्यात अंतर शिल्लक नसते. ते टाकून द्यावे लागते.