गुडघा बदलला, डोकं बिघडलं?

‘‘गुडघा छान झाला हो, पण ऑपरेशनपासून आई पहिल्यासारखी राहिली नाही.’’ सांधेबदल झालेल्या घरांत हे वाक्य अनेकदा ऐकू येतं. तक्रार जुनीच आहे. ऑक्सफर्डच्या बेडफर्ड या डॉक्टरांनी नातेवाइकांच्या अशाच तक्रारींचा माग काढला आणि 1955 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर लेख लिहिला. तेव्हापासून हा बदल मोजायचा कसा, यावर बराच खल झाला आहे. घरोघरच्या समजुती मात्र फारशा हललेल्या नाहीत.

गैरसमज 1 : ऑपरेशननंतर वातात बडबडणं ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात.

वस्तुस्थिती : पहिल्या दोन-चार दिवसांतल्या अशा गोंधळाला डॉक्टर ‘डेलिरियम’ म्हणतात. तो अचानक सुरू होतो. सकाळी आजी नीट बोलतात आणि संध्याकाळी नातवाला ओळखत नाहीत. प्रत्येक रुग्ण बडबडतोच असंही नाही. काही जण गप्प पडून राहतात आणि ‘थकलेत, झोपू द्या’ म्हणून त्यांचा डेलिरियम कोणाच्या लक्षातच येत नाही. बहुतेकांचा गोंधळ ओसरतो. तरी तो हसण्यावारी नेऊ नये. त्यामागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, सोडियमची कमतरता किंवा एखादं औषध असू शकतं. शिवाय ज्यांना डेलिरियम होतो, त्यांना पुढे विस्मरणाचा धोका जास्त असतो.

गैरसमज 2 : दोष पूर्ण भुलीचा. कमरेत इंजेक्शन घेतलं की मेंदू सुरक्षित.

वस्तुस्थिती : न्यूयॉर्कमध्ये गुडघा बदलणाऱ्या 262 रुग्णांवर हे तपासलं गेलं. काहींना पूर्ण भूल दिली, काहींना पाठीतून एपिड्युरल. त्यांचं मध्यक वय 69 होतं. 1995 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यानंतर आणि सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या बौद्धिक चाचण्यांत फरक आढळला नाही. सहा महिन्यांनी लक्षणीय घट दिसली ती सुमारे 5 टक्के रुग्णांत. हाड कापल्यावर शरीरात उसळणारा दाह, वेदना, तीव्र वेदनाशामकं, मोडलेली झोप या सगळ्यांकडे आता संशोधकांचं लक्ष आहे.

गैरसमज 3 : वार, तारीख, गाव बरोबर सांगितलं, म्हणजे मेंदू ठणठणीत.

वस्तुस्थिती : असे प्रश्न 1975 साली तयार झालेल्या 30 गुणांच्या ‘मिनी मेंटल’ चाचणीत असतात. ठळक बिघाड चाळून काढायला ती ठीक आहे. पण 30 गुण मिळवणारे निवृत्त मुख्याध्यापक 28 वर आले, तरी कागदावर ‘नॉर्मल’च राहतात. बारीक बदल टिपायचे तर शब्दांची यादी ऐकवून अर्ध्या तासाने विचारणं, आकडे-अक्षरं क्रमाने जोडायला लावणं, चिन्हं आणि अंकांच्या जोड्या घड्याळ लावून भरून घेणं, अशा चाचण्या लागतात.

उलट, शाळेत न गेलेल्या आजींना वाक्य लिहा किंवा शंभरातून सात-सात वजा करा म्हटलं, तर त्या अडतील. ती घट नव्हे. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये निरक्षर ज्येष्ठांसाठी या चाचणीचं हिंदी रूप मुद्दाम बेतलं गेलं.

गैरसमज 4 : आधीचे आणि नंतरचे गुण वजा केले की उत्तर मिळालं.

वस्तुस्थिती : तीच चाचणी दुसऱ्यांदा देताना सरावाने गुण वाढतात. त्यामुळे गुण तेवढेच राहिले, तरी आत घट दडलेली असू शकते. शिवाय माणसाचे गुण रोज थोडे खाली-वर होतातच. यावर उपाय म्हणजे शस्त्रक्रिया न झालेल्या समवयस्कांना त्याच अंतराने त्याच चाचण्या देणं आणि त्यांच्यातला बदल हिशेबात धरणं.

1998 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने हेच केलं. मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या, साठीच्या पुढच्या 1218 रुग्णांपैकी आठवड्यानंतर 25.8 टक्के आणि तीन महिन्यांनी 9.9 टक्के लोकांत घट दिसली. शस्त्रक्रिया न झालेल्यांतही ती अनुक्रमे 3.4 आणि 2.8 टक्के निघाली. आठवड्यानंतर घट दिसलेल्यांपैकी बरेच जण तीन महिन्यांत सावरले, हेही याच आकड्यांत आहे.

गैरसमज 5 : तीन महिन्यांनीही विसरणं चालू आहे, म्हणजे ऑपरेशननेच केलं.

वस्तुस्थिती : मेलबर्नच्या गटाने 2011 साली तीन प्रकारचे रुग्ण शेजारी ठेवून पाहिले. तीन महिन्यांनी घट दिसली ती खुबा बदललेल्या 16 टक्के आणि बायपास झालेल्या 16 टक्के रुग्णांत. केवळ अँजिओग्राफी झालेल्यांत हेच प्रमाण 21 टक्के होतं, आणि अँजिओग्राफीला पूर्ण भूल लागत नाही. म्हणजे काहींचं विस्मरण आधीच हळूहळू सुरू झालेलं असतं. शस्त्रक्रियेच्या निमित्ताने घरचे बारकाईने बघू लागतात, तेव्हा ते नजरेत भरतं.

भुलीच्या आधीच्या तपासणीला जाल, तेव्हा झोपेच्या गोळ्या, मद्यपान आणि अलीकडचं विसरणं लपवू नका. ऑपरेशननंतर चष्मा, श्रवणयंत्र आणि ओळखीचं माणूस जवळ असू द्या. रात्रीची झोप सांभाळा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा लगेच चालायला लावा. गुडघ्याचा ऑपरेशनआधीचा एक्स-रे प्रत्येकाच्या फाइलमध्ये असतो. आधीच्या स्मरणशक्तीची नोंद सहसा नसते. ती चाचणीही करून फाइलला लावायला सांगा. मग ‘आई पहिल्यासारखी नाही’ म्हणताना ‘पहिली’ कशी होती, ते कागदावर असेल.