वर जाणारे तक्ते, खाली न येणारी उत्तरे

वाळूजच्या एखाद्या कारखान्यात संगणकनियंत्रित यंत्रे आली आणि जुन्या पद्धतीच्या कारागिरांची गरज घटली, तर ते सर्वांत आधी कोणाला कळते? छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिल्पनिदेशकाला आणि त्याच्यामार्फत प्राचार्यांना. कारण त्यांचेच माजी विद्यार्थी तेथे फिटर, टर्नर, मशिनिस्ट म्हणून उभे असतात. अभ्यासक्रम मात्र ठरतो दिल्लीत, निदेशकांची पदे मंजूर होतात मुंबईत, आणि मध्ये जिल्हा अधिकारी, प्रादेशिक सहसंचालक व संचालनालय अशा पायऱ्या आहेत. ज्याला माहिती आहे त्याला अधिकार नाही. ज्याला अधिकार आहे त्याच्यापर्यंत तक्त्याच्या रकान्यांत मावेल तेवढीच माहिती पोचते.

स्थानिक आणि विखुरलेले ज्ञान केंद्राकडे जसेच्या तसे पाठविता येत नाही, असे हायेक यांनी १९४५ सालच्या एका निबंधात प्रतिपादिले होते. त्यांच्या बाजारनिष्ठेशी प्रस्तुत लेखक सहमत नाही, पण हा मुद्दा निर्विवाद आहे. प्रवेश किती, उत्तीर्ण किती, रिक्त जागा किती, हे रकान्यात बसते. मुले मध्येच का गळतात, हे बसत नाही; आणि प्राचार्यांनी ते वेगळ्या पत्राने कळविले, तर त्या पत्राला जावक क्रमांक मिळतो, उत्तर मिळेलच असे नाही. मग हळूहळू कळविणेच थांबते. वरिष्ठांना वाटते, तक्रार नाही म्हणजे सारे सुरळीत आहे. याची किंमत मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा आपली दोन वर्षे देऊन भरतो.

यावर उपाय झालेच नाहीत असे नाही. २००७-०८ पासून केंद्राने देशातील १,३९६ शासकीय संस्थांसाठी योजना आखली: प्रत्येकी अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज, उद्योजकाच्या अध्यक्षतेखाली व्यवस्थापन समिती आणि प्राचार्य तिचे सदस्य सचिव. कल्पना चांगली होती. पण प्राचार्यांना त्यामुळे दोन वरिष्ठ झाले. एक कारखान्याच्या गतीने विचारणारे, दुसरे नस्तीच्या गतीने सांगणारे. समिती यंत्र घेऊ शकते. ते शिकविणाऱ्या निदेशकाचे कायम पद शासनानेच निर्माण करावयाचे असते.

कनिष्ठ महाविद्यालयांत तर याहून गमतीची स्थिती आहे. १९८८-८९ पासून सुरू झालेले किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम व्यवसाय शिक्षण संचालनालयाकडे आले, आणि शेजारच्याच वर्गातील कला व वाणिज्य शाखा शालेय शिक्षण विभागाकडे राहिल्या. एकाच प्राचार्यांनी दोन खात्यांना दोन भाषांत बोलावयाचे!

वस्तुतः उत्तर देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर आधीच घालून घेतले आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या २००५ च्या अधिनियमानुसार कोणतीही नस्ती सामान्यतः सात कामकाजी दिवसांहून अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे पडून राहता कामा नये. प्राचार्यांच्या पत्रांना हीच मुदत लावावी आणि नकार असल्यास तो कारणांसह लेखी कळवावा, एवढीच मागणी आहे. त्यासाठी नवा पैसा लागत नाही. अडचण एकच: त्याच अधिनियमात सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा आहे, आणि यंत्राची मागणी मंजूर होईपर्यंत ती करणारे प्राचार्य व वाचणारे सहसंचालक, दोघेही अन्यत्र गेलेले असू शकतात.